लकव्यानंतर येणाऱ्या फिट आणि बीपीची गोळी: एकीने दोन्ही कामं होतील का?

प्रश्न पुसद तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. वडील ६१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, डावा हात अजून नीट चालत नाही, आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांनी फिट सुरू झाल्या. लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी चालू आहे, तरी महिना-दीड महिन्याने एखादी फिट येतेच. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आहे. हृदयाच्या आणि बीपीच्या गोळ्या आता फिटवर तपासल्या जात आहेत असं मुलाच्या वाचनात आलं, आणि त्यात लोसार्टनचं नाव होतं. फिटच्या गोळीने बाबा फार चिडखोर झालेत, ती महागही पडते. ती बंद करून लोसार्टन दिली तर एकाच गोळीत बीपी आणि फिट दोन्ही सांभाळलं जाईल का, असं त्याने विचारलं आहे.

आधी नीट सांगतो: फिटची गोळी बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. चालू गोळी अचानक थांबली की एकामागून एक फिट येऊ शकतात, मधे माणूस शुद्धीवर येत नाही, आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत जिवावर बेतू शकतं. लोसार्टनबद्दल जे वाचलं ते मात्र खोटं नाही. त्या बातमीत खरं काय आहे आणि तुमच्या बाबांना त्यातलं किती लागू पडतं, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे. मी बरीच वर्षं वर्धा-यवतमाळ भागात फिटचे आणि लकव्याचे रुग्ण पाहतो, आणि अशा बातमीचं कात्रण किंवा मोबाईलवरचा फोटो घेऊन येणारे नातेवाईक आता नेहमी भेटतात. त्यांनी वाचावं, विचारावं, असंच मला वाटतं.

हृदयाचं औषध मेंदूवर कसं चालेल, ही शंका पहिल्यांदा येते. पण हृदयाच्या आणि मेंदूच्या पेशी दोन्ही विजेवर चालतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम पेशीच्या आतबाहेर होतं आणि त्यातून स्पंदन किंवा संदेश तयार होतो. त्यामुळे एका ठिकाणची विजेची गडबड शमवणारं औषध दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडणं नवलाचं नाही. फेनिटॉइन हे फिटचं जुनं औषध. बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये त्याचा उपयोग दाखवला. पुढे तेच औषध हृदयाचे ठोके बिघडल्यावर, विशेषतः डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची मात्रा जास्त झाल्यावर, वापरलं गेलं. दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते लिडोकेन हृदयाच्या ठोक्यांसाठीही देतात आणि नवजात बाळाच्या न थांबणाऱ्या फिटसाठीही देतात. लघवी वाढवणारं अ‍ॅसिटाझोलामाइड १९५०च्या दशकापासून काही विशिष्ट फिटमध्ये दिलं जातं. छातीत दुखणाऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर काहींची अर्धशिशी कमी झाली, आणि आज ते अर्धशिशीचं नेहमीचं औषध आहे.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर आणखी जवळचं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरायला सुरुवात केली. त्यांनी ते अंदाजाने उचललेलं नव्हतं. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकून फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून पाहिलं होतं. आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या करणारं औषध हवं, म्हणून प्राझोसिन. पुढे २०११ मध्ये त्यांनी नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनसोबत विंचवावरची प्रतिलस, अशा दोन गटांची रीतसर तुलनाही प्रसिद्ध केली. आधी कारण समजणं, मग रुग्णांत फरक दिसणं, मग तुलना करून खात्री करणं, अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. फिटसाठीची बीपीची औषधं आज यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर उभी आहेत, त्यावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर ठरतं.

लोसार्टनची पहिली पायरी बरीच पक्की आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत साधी नसते. रक्तातली बरीच द्रव्यं ती मेंदूत जाऊ देत नाही. लकवा मारला, डोक्याला मार लागला, की ही भिंत त्या जागी गळू लागते. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मेंदूत झिरपतं. मेंदूतल्या आधारपेशी ते ओढून घेतात, त्यातून टीजीएफ-बीटा नावाचा संदेश सुरू होतो, सूज येते, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्या भागातल्या पेशींची जोडणीच अशी बदलते की त्या जरा कारणाने एकदम पेटतात. लकवा आणि पहिली फिट यांत तुमच्या बाबांचे सात-आठ महिने गेले, त्या शांत काळात बहुधा हेच चालू असणार. लोसार्टन हा टीजीएफ-बीटाचा संदेश अडवतं. इस्रायलमधले अलोन फ्रीडमन आणि अमेरिकेतल्या डॅनिएला काउफर यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूला इजा झाल्यावर ज्यांना लोसार्टन दिलं, त्यांच्यातल्या कमी उंदरांना पुढे फिटचा आजार जडला.

दुसरी पायरी माणसांची. जर्मनीतल्या दवाखान्यांच्या नोंदींतून बीपीच्या दीड लाखाहून जास्त रुग्णांची तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. लोसार्टन ज्या गटातलं आहे त्या गटाच्या, म्हणजे नावाच्या शेवटी ‘सार्टन’ येणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये नव्याने फिटचा आजार लागण्याचं प्रमाण बीपीच्या इतर गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने कमी निघालं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वीस लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींतून असाच निष्कर्ष आला, २० ते ३० टक्के कमी, आणि त्यातही लोसार्टनचा फरक जास्त दिसला.

दोन देश, एवढी माणसं, आणि दिशा एकच. ही बातमी मला मनापासून आशेची वाटते. पण हे सगळे रुग्ण असे होते की ज्यांना आधी फिट येत नव्हत्या. त्यांना पुढे आजार लागला की नाही, एवढंच मोजलं गेलं. तुमच्या बाबांना आजार लागून झालेला आहे. कपाशीवर बोंडअळी पडल्यावर काय फवारायचं हा एक प्रश्न, आणि पुढच्या हंगामात ती येऊ नये म्हणून फरदड न घेता, म्हणजे पीक न लांबवता, पऱ्हाटी वेळेवर उपटायची हा दुसरा. दोन्ही कामं लागतात, पण जानेवारीत पऱ्हाटी उपटल्याने ऑक्टोबरातली अळी मरत नाही. लोसार्टनबद्दल आज जी आशा आहे ती दुसऱ्या प्रकारच्या कामाची आहे. रोज येणारी, महिन्याने येणारी फिट लोसार्टनने थांबते, असं सिद्ध झालेलं नाही.

त्या पाव हिश्श्याचं गणितही समजून घ्या. समजा बीपीच्या हजार रुग्णांपैकी पाच वर्षांत बारा जणांना फिटचा आजार लागणार होता. गोळीच्या निवडीने तो नऊ जणांना लागेल. तीन घरं वाचली, ही मोठीच गोष्ट. पण उरलेल्या नऊशे अठ्ठ्याऐंशी जणांना त्या बाबतीत कुठल्याही गोळीने फरक पडला नसता. शिवाय या अभ्यासांत कोणाला कुठली गोळी द्यायची हे चिठ्ठी उडवून ठरवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवलं होतं. ज्याची किडनी कशी, साखर कशी, खर्च किती झेपेल, यावरून गोळी बदलते, आणि तीच कारणं फिटच्या धोक्यातही मिसळलेली असू शकतात. संशोधक आकडेमोडीने हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वेगळं निघालं की नाही हे चिठ्ठ्या उडवून केलेल्या चाचणीतच कळतं.

आणि तिसऱ्या पायरीवर घसरण होते, हे मी कळकळीने सांगतो, कारण फिटच्या बाबतीत ती पुन्हा पुन्हा झाली आहे. ब्युमेटानाइड हे लघवी वाढवणारं औषध. नवजात मेंदूतल्या क्लोराइडचा तोल त्याने सुधारेल आणि बाळाच्या फिट थांबतील, हा तर्क फार सुरेख होता. युरोपात चाचणी झाली, चौदा बाळांनंतर थांबवावी लागली. फायदा दिसला नाही, आणि जगलेल्या अकरा बाळांपैकी तिघांना ऐकू येण्यात दोष राहिला. क्विनिडिन हे सिंकोनाच्या सालीतून आलेलं हृदयाच्या ठोक्यांचं औषध. पोटॅशियमच्या मार्गिकेतल्या एका जनुकीय दोषाने येणाऱ्या फिटवर ते एखाद्या मुलाला लागू पडल्याचं २०१४ मध्ये आलं, आशा वाढली. २०१८ मध्ये सहा रुग्णांवर नीट चाचणी केली तेव्हा फिट कमी झाल्या नाहीत आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होत असल्याने मात्रा वाढवता आली नाही. निफेडिपिन, फ्लुनारिझिन यांसारख्या कॅल्शियम रोखणाऱ्या औषधांची फिटच्या गोळीला जोड देऊन झाली, पण नेहमीच्या वापरात घ्यावं असं त्यातून निघालं नाही. व्हेरापॅमिलचा तर्क वेगळा होता: फिटची औषधं मेंदूतून बाहेर फेकणारा एक पंप असतो, तो व्हेरापॅमिल अडवतं. अजून तेही छोट्या प्रयत्नांपुरतंच राहिलं. म्हणून उंदरांत चाललं, नोंदींत दिसलं, एवढ्यावर मी कोणाची चालू फिटची गोळी काढत नाही.

तरीही माझ्या रोजच्या कामात फिट आणि हृदय-बीपी यांचा संबंध फार येतो. तो संबंध वेगळ्या जागी आहे, आणि बाबांचा फायदा तिथे असू शकतो.

सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की महिना-दीड महिन्याने येते ती प्रत्येक वेळी फिटच असते का? हृदयाचे ठोके मधेच काही सेकंद थांबले किंवा फार मंदावले, किंवा उठून उभं राहताना बीपी एकदम खाली गेलं, तर मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो आणि हातपाय चार-सहा वेळा झटकतात. घरच्यांना ती फिटच वाटते, आणि ज्याला आधीच फिटचा शिक्का आहे त्याच्या बाबतीत डॉक्टरलाही तसंच वाटण्याचा धोका असतो. मग फिटची गोळी वाढत जाते आणि झटके काही थांबत नाहीत. म्हणून मी असा रुग्ण आला की विचारतो: पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली का, चेहरा पांढराफट्ट पडला की निळसर झाला, झटके किती वेळ चालले, जीभ कडेने चावली का, शुद्धीवर आल्यावर लगेच नीट बोलले की अर्धा तास भांबावलेले होते? लगेच शुद्ध येणं, पांढरं पडणं, उभं असतानाच होणं, हे हृदयाकडे किंवा बीपीकडे बोट दाखवतं. झटका डाव्याच हातात सुरू होणं, म्हणजे लकव्याच्या बाजूला, मान वळणं, नंतर हात जास्तच लुळा पडणं, हे खऱ्या फिटकडे. पुढच्या वेळी शक्य झालं तर घरातल्या एकाने मोबाईलवर चित्रण करा. दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा ते अर्ध्या मिनिटाचं चित्रण मला जास्त सांगतं. आणि साधा ईसीजी काढाच. पुसदला सहज निघतो. बीपी झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजायला सांगा.

दुसरं, बीपी ताब्यात आहे का? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात बीपी असलेल्यांना उतारवयात फिटचा आजार लागण्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. पुन्हा लकवा मारला तर मेंदूत आणखी एक जागा बिघडेल आणि फिट आवरणं अवघड होईल. बीपी अचानक खूप चढलं तर त्यानेच फिट येऊ शकते, आणि तिथे बीपी उतरवणं हाच उपचाराचा मुख्य भाग असतो. आपल्याकडे या कामाची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. देशात बीपी नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आपले वर्धा आणि भंडारा होते. आज प्राथमिक आरोग्य केंद्रावर अ‍ॅम्लोडिपिन मिळते, त्यावर भागलं नाही तर टेल्मिसार्टन मिळते. टेल्मिसार्टनही लोसार्टनच्याच गटातली. म्हणजे बाबांचं बीपी एकट्या अ‍ॅम्लोडिपिनने आवरत नसेल, तर दुसरी गोळी म्हणून ‘सार्टन’ मागायला तुम्हाला पूर्ण आधार आहे. ती बीपीसाठी योग्य म्हणून घ्यायची. फिटच्या बाबतीत काही जास्तीचं मिळालं तर ते वरचं. सुरू केल्यावर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आणि पोटॅशियम तपासून घ्या. घरात मूल होण्याच्या वयातली कोणी बाई ही गोळी वाटून घेत नाही ना, तेही पाहा, कारण गर्भारपणात ‘सार्टन’ चालत नाही.

तिसरी गोष्ट सोडियमची. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या भागात उन्हाळ्यात याने फार माणसं दवाखान्यात येतात. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं: क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड. गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीएच’ लिहिलेलं असतं ते बहुधा हेच. फिटच्या गोळ्यांत कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन या दोन शरीरातलं सोडियम उतरवतात. हे दोन प्रकार एका वयस्क माणसाच्या पोटात गेले, वर बीपी म्हणून मीठ बंद केलेलं, आणि मे महिन्यात वावरात पंचेचाळीस डिग्रीत नुसतं पाणी पीत काम; रक्तातलं सोडियम नेहमीच्या किमान १३५च्या खाली जातं, कधी १२०पर्यंत. मग माणूस गळून जातो, बडबडतो, आणि त्याला फिट येते. ती फिट बघून कार्बामाझेपिन वाढवली तर सोडियम आणखी खाली जातं. तुमचे बाबा लेव्हेटिरासिटामवर आहेत, तिचा सोडियमशी सहसा असा झगडा नसतो. पण गोळी बदलायची वेळ आली तर हे लक्षात असू द्या, आणि आत्ताही एकदा सोडियम तपासून घ्या.

गोळ्यांची एकमेकींशी आणखीही भांडणं असतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल या यकृताचं काम वाढवतात, त्यामुळे अ‍ॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन लवकर विरून जाते आणि बीपी चढतं; लकव्यानंतर देतात त्या कोलेस्टेरॉलच्या अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचंही तेच. उलट व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम चालू असताना कार्बामाझेपिनची रक्तातली मात्रा वाढते, मग एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं सुरू होतं. फेनिटॉइन असेल तर लोसार्टनचं शरीरात जे काम करणारं रूप बनतं तेही कमी बनतं; टेल्मिसार्टनला तो मार्ग लागत नाही, म्हणून असा रुग्ण असेल तर मी ‘सार्टन’मधली टेल्मिसार्टन निवडतो. फिटवाला डॉक्टर नागपूरचा आणि बीपीवाला तालुक्याचा असला की एकाला दुसऱ्याची चिठ्ठी दिसत नाही. दोन्ही चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं एकाच पिशवीत ठेवा आणि कुठेही गेलात तरी ती पिशवी टेबलावर रिकामी करा.

आता बाबांच्या चिडचिडीबद्दल. ही तक्रार खरी आहे, लेव्हेटिरासिटामने काहींना राग अनावर होतो, रडू येतं, झोप उडते. सहन करा म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. मी आधी क्रिएटिनिन पाहतो, कारण ही गोळी किडनीवाटे बाहेर पडते आणि बीपीच्या रुग्णाची किडनी मंद असेल तर नेहमीची मात्रासुद्धा जास्त होते. मात्रा ठीक असून त्रास असेल तर बदलतो. लॅमोट्रिजिन चांगली आहे, पण अंगावर पुरळ येऊ नये म्हणून ती आठवड्या-आठवड्यांनी हळूहळू वाढवावी लागते आणि तोवर जुनी चालू ठेवावी लागते. लॅकोसामाइडही आहे. दोन्हींच्या आधी ईसीजी पाहिलेला बरा, हृदयाचा आजार असेल तर निवड बदलते. यातली कुठली, हे बाबांना तपासल्याशिवाय मी इथून ठरवणार नाही. महागाईसाठी जनऔषधी केंद्रात विचारा. लेव्हेटिरासिटाम तिथे बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते.

आणि गोळी बदलण्याआधी एक शांतपणे तपासा: राहिलेल्या फिट कुठल्या दिवशी आल्या? माझ्या ओपीडीत लकव्यानंतरच्या फिटचे जे रुग्ण ‘गोळीने भागत नाही’ म्हणून येतात, त्यांच्यात गोळी चुकलेली असणं किंवा झोप मोडलेली असणं हे कारण वारंवार निघतं. पेरणीच्या दिवसांत पाकीट संपलेलं असतं आणि गावातून निघायला फुरसत नसते. रब्बीत वीज रात्रीची येते, म्हणून ओलितासाठी रात्रभर वावरात जागरण. लग्नसराईत जागरण आणि कधी दारू. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फिट आली त्या तारखेला खूण करा आणि गोळी चुकली त्या तारखेला दुसरी खूण. दोन्ही खुणा शेजारी पडत असतील तर नव्या औषधाआधी रात्रीचं ओलित दुसऱ्याकडे द्यायचं, आणि पाकिटात आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायची.

तर डॉक्टरांकडे जाताना ते कॅलेंडर, चित्रण असेल तर मोबाईल आणि गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि दोन्ही स्थितींतलं बीपी, एवढं मागा. लेव्हेटिरासिटाम बदलायची का आणि बीपीसाठी दुसरी गोळी लागत असेल तर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन चालेल का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. दरम्यान फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर वाट न पाहता १०८ला फोन करा. कुशीवर वळवून ठेवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. तपासण्यांचे आकडे आले की लिहा, त्यावर पुढचं बोलू.